‘आज नको’ म्हणणारा तांडेल शोधा

वार्षिक परीक्षा संपल्यावर आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मी मुलुंडच्या एका तरण तलावावर पोहायला शिकवते. सकाळची बॅच सुटते, मुलं केस पुसत डबे उघडतात आणि एखादी आई जवळ येऊन विचारते, “ताई, आम्ही तारकर्लीला चाललोय. हा स्कूबा करू शकेल ना? आता न थांबता आठ लॅप मारतो.”

प्रश्न मुलाच्या पोहण्याचा असतो. माझं उत्तर मात्र तांडेलापासून, म्हणजे होडी चालवणाऱ्यापासून, सुरू होतं. कुणाबरोबर जाताय? किती वाजता? तिथी कोणती? आणि तो माणूस गिऱ्हाइकाला कधी ‘आज नको’ म्हणतो का? समुद्रावरचं साहस आनंदाचं होणार की जिवावर बेतणार, हे तुमच्या दंडातल्या ताकदीपेक्षा या गोष्टींवर जास्त ठरतं. शेवटचा प्रश्न तर मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या उपनगरांतल्या घरांची सुट्टी बदलली आहे. एके काळी समुद्राची सहल म्हणजे अलिबाग किंवा गणपतीपुळे. पँट दुमडायची, घोटाभर पाण्यात उभं राहायचं, मुलांना वाळूत खेळू द्यायचं आणि जेवायला परतायचं. आता घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पॅरासेलिंगचे आणि पाण्याखालचे व्हिडिओ फिरतात. ज्यांची भावंडं अमेरिकेत आहेत त्यांना मेक्सिकोतल्या कॅनकूनहून तसेच व्हिडिओ येतात: प्रवाळांवर स्नॉर्केलिंग, समुद्राच्या तळाशी उभारलेल्या पुतळ्यांमधून पोहणं, पॅराशूट, डॉल्फिन. किनारा कुठलाही असो, यादी साधारण हीच. त्यातलं बरंचसं आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे. ठाण्याला कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून तासाभरात मालवण. पुढे सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आणि तिच्याच टोकाला देवबाग, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली. या किनाऱ्याचं रूप तिथून पालटत गेलं.

तलावात शिकलेलं समुद्रात विसरायचं

स्कूबाबद्दलचा मोठा गैरसमज असा, की त्याला उत्तम पोहता यायला हवं. मालवणला पर्यटकांना जो पहिला अनुभव देतात, त्यात प्रशिक्षित पाणबुडा तुम्हाला धरूनच खाली नेतो. पोहता न येणारे कितीतरी लोक तो घेऊन येतात. तिथे पोहण्यापेक्षा श्वास शांत ठेवता येणं जास्त कामाचं.

आणि इथेच पोहणाऱ्यांची अडचण होते. तलावावर मी मुलांना पहिल्यांदा शिकवते ते श्वास धरायला. तोंड पाण्यात घाल, श्वास धर, बुडबुडे सोड, डोकं वर काढ. ही सवय अंगात इतकी मुरते, की पाणी दिसलं की श्वास आपोआप बंद होतो. स्कूबात नेमकी हीच सवय घातक ठरते. कारण सोपं आहे. किनाऱ्यावर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण दाब असतो आणि समुद्रात दर दहा मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, म्हणून तिथे छाती भरून घेतलेली हवा वर आल्यावर दुप्पट जागा मागते. श्वास रोखून कुणी घाईने वर आलं तर ती हवा फुप्फुसाला इजा करते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. तोंडातल्या नळीतून संथ घ्यायचा, संथ सोडायचा. जाण्याआधी आठवडाभर मी मुलांकडून याचाच सराव करून घेते. नाकाने नाही, तोंडाने श्वास, चेहरा पाण्यात, घाई अजिबात नाही.

दुसरी गोष्ट कानांची. दाबातला फरक पहिल्या काही मीटरमध्येच सर्वाधिक जाणवतो. तलावाच्या खोल बाजूला तळाशी गेल्यावर कानात जे टोचतं, तेच हे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं किंवा आवंढा गिळला, की घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. हे दुखण्याआधी करायचं, दुखल्यावर नव्हे. सर्दी झालेली असेल तर ती नळी नीट उघडत नाही, म्हणून सर्दीत उतरायचंच नाही. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाच्या पडद्याला भोक, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. होडीवर चढण्यापूर्वी जो फॉर्म भरायला देतात, त्यात हे सगळं विचारलेलं असतं. ‘सगळीकडे नाही लिहून टाक’ असं म्हणणारे वडील मी ऐकले आहेत. कृपा करून तसं करू नका. तो कागद तुमच्याच मुलासाठी असतो.

वयाचंही तसंच. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार समुद्रातल्या पहिल्या अनुभवासाठी वय किमान दहा वर्षं लागतं आणि खोली बारा मीटरपलीकडे जात नाही. लहान भावाला ‘चालतंय हो, उंच आहे’ म्हणून उतरवणारा माणूस भेटला, तर तिथूनच परत फिरावं.

किल्ल्याच्या सावलीत

मालवणच्या बंदरातून होडी सुटते तेव्हा समोर सिंधुदुर्ग असतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हाही आहे. या तटाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. बहुतेकांची पहिली बुडी इथेच होते.

मी इथे उतरले तेव्हा माझ्याबरोबर जो पाणबुडा होता, तो मच्छीमार गाबीत समाजातला, विशीतला मुलगा. होडी नांगरल्यावर त्याने आधी मास्कच्या काचेला आतून थुंकी लावली, खळबळून धुतली आणि माझ्या हातात दिली. मग खुणा. “ताई, कान दुखाक लागलो तर कानाकडे बोट दाखवा. सगळा बरा आसात तर बोटांचो असो गोल करा. आंगठो दाखवू नका हां. आंगठो म्हणजे वर चला.” हे त्याने दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून करून घेतलं. कारण आपल्याला सवय अशी, की कॅमेरा दिसला की अंगठा वर. पाण्याखाली तीच खूण केली, की पाणबुडा तुम्हाला उचलून वर आणतो. खुणा शिकवण्यात जो पाच मिनिटं घालवतो, त्याच्या हाती स्वतःला सोपवायला हरकत नाही.

खाली गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वतःचा श्वास. घेताना शीळ, सोडताना बुडबुड्यांची खळखळ. पाणी निळं नसतं, हिरवट असतं. नद्यांचा गाळ आणि सूक्ष्म जीव यांमुळे मालवणचं पाणी अंदमानइतकं नितळ कधीच दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्यातल्या त्यात स्वच्छ. तांबडा रंग पाणी आधी गिळतं. माझ्या जाकिटावरची लाल पट्टी काही मीटरवरच विटक्या तपकिरी रंगाची झाली. मास्कमुळे सगळं आहे त्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं, म्हणून हात पुढे केला की अंदाज चुकतो. प्रवाळही जाहिरातीतल्यासारखे गुलाबी-जांभळे नव्हते. तपकिरी, पिवळसर, खडबडीत गोळे आणि त्यांच्या फटीफटींतून ये-जा करणारे पट्टेरी मासे. एक गोळा जवळून बघितला तर त्याच्या पृष्ठभागावर इवली इवली तोंडं उघडमीट करत होती. तो खडक नव्हता, वसाहत होती.

पावाचा तुकडा आणि प्रवाळ

ही वसाहत नीट समजून घेतली, की आपल्या सुट्टीचा तिच्यावर काय परिणाम होतो ते कळतं. प्रवाळ म्हणजे हजारो चिमुकले प्राणी. ते चुन्याचं घर बांधतात आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवून त्यांना देतं. पाणी फार तापलं, की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतात. त्यावर कुणी पाय देऊन उभं राहिलं किंवा होडीचा नांगर आदळला, तर क्षणात जे तुटतं ते भरून यायला कित्येक वर्षं जातात.

म्हणूनच मालवणचा हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला साधारण तीन चौरस किलोमीटर गाभा. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. तुटका तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालणं हासुद्धा गुन्हा आहे.

काही होड्यांवर पर्यटकाच्या हातात पाव देतात. पाव कुस्करला की मासे झुंडीने तोंडाभोवती येतात आणि व्हिडिओ छान येतो. पण गव्हाचं पीठ हे त्यांचं अन्न नव्हे. प्रवाळांवर माजणारं शेवाळ कुरतडून खाणं हे यातल्या कित्येक माशांचं काम. त्यांना आयत्या पावाची चटक लागली, की ते काम मागे पडतं. पाव नको म्हणा. मासे पावाशिवायही दिसतात. फक्त हातपाय न हलवता थोडं थांबावं लागतं. सनस्क्रीन चोपडण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. तोही प्रवाळांना मदतच करतो.

पण या पाण्यावर पोट असलेल्या माणसांकडे न बघता नुसतं प्रवाळांबद्दल बोलणं अन्यायाचं आहे. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं तिथे उद्या मनाई होईल, ही भीती खरी होती. तारकर्लीच्या वाळूवर सकाळी रापण बघायला मिळाली तर अवश्य थांबा. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगा ती खेचत खेचत एकमेकींजवळ येतात. मिळेल त्या मासळीचे वाटे होतात. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी समुद्र उपसला जातो तेव्हा रापणकारांच्या वाट्याला काही उरत नाही. त्यावरून या किनाऱ्यावर संघर्ष झाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. अशा घरांतली मुलं आज पाणबुडे झाली आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा आणि जलक्रीडांची प्रशिक्षण संस्था काढली. तिथे शिकलेला मुलगा पर्यटकाला पाण्यात उतरवतो तेव्हा बापाकडून आलेलं समुद्राचं ज्ञान आणि संस्थेतलं प्रशिक्षण, दोन्ही त्याच्याजवळ असतं.

मासेमारांनी पर्यटनाकडे वळणं खरोखर फळतं का, याचं उत्तर मेक्सिकोत मिळतं, पण कॅनकूनच्या गजबजाटात नाही. देशाच्या दुसऱ्या अंगाला, कॅलिफोर्नियाच्या आखातावर काबो पुल्मो नावाचं छोटं गाव आहे. तिथे मासळी संपत आली होती. गावातल्या कोळी कुटुंबांनीच पुढाकार घेतला आणि १९९५ मध्ये ७१ चौरस किलोमीटरचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. कागदावर त्याच्या काही भागातच मासेमारीला बंदी होती, पण गावाने ती जवळपास सगळीकडे पाळली, आणि ज्या होड्या मासे धरायच्या त्याच पाणबुड्यांना नेऊ लागल्या. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याचं शास्त्रज्ञांनी मोजलं. मोठे शिकारी मासे परतले आणि आज जगभरातून लोक ते बघायला येतात. मालवणची परिस्थिती वेगळी आहे, इथे वस्ती दाट आणि मासेमारीवर जगणारी घरंही पुष्कळ. तरी काबो पुल्मोत ठरवलं ते गावाने, पाळलं गावाने आणि कमावलंही गावानेच, हे मला फार मोलाचं वाटतं. पर्यटकाने दिलेला पैसा गावात राहिला तरच गाव समुद्र राखतं.

तिथी, वारा आणि होडी

भरती-ओहोटीचं एक जुनं गणित कोकणात घरोघरी माहीत असायचं. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. पण तो तोंडी आला, की कॅलेंडरमधल्या तिथीतून समुद्र वाचता येऊ लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, खाडीच्या तोंडाशी ओढ वाढते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाण्याची हालचाल कमी, गाळही कमी ढवळतो. प्रवाळ बघायचे असतील तर सुट्टीची तारीख ठरवताना दिनदर्शिकेत तिथीही बघा.

वाऱ्याचाही असाच नेम. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी शांत असतं. जमीन तापली की दुपारी वारा उलटा फिरतो, खारा वारा सुटतो आणि लाटा उठू लागतात. म्हणून बुडी सकाळी घ्यायची. ‘आधी किल्ला बघू, जेवू, मग स्कूबा’ हा आपला आवडता क्रम नेमका उलटा आहे. निघताना पोटात थोडी पेज किंवा एखादी आंबोळी असावी, माशाचं ताट परतल्यावर.

अशाच एका सकाळी आमच्या होडीच्या तांडेलाने किनाऱ्यावर उभं राहून बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “आज नको. पाणी गढूळ आसा, काय्येक दिसाचा नाय. वारो पण उठतलो. उद्या येवा.” आमच्यातले काही जण हिरमुसले. शेजारच्या होड्या जात होत्या, मग आपणच का नाही? त्याने वाद घातला नाही, पैसे परत दिले आणि होडी वर ओढायला घेतली. भर हंगामातल्या एका दिवसाची कमाई त्याने सोडली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर गेलो. तेव्हापासून मी ज्यांना कुणाला मालवणला पाठवते त्यांना माणूस निवडण्याची हीच कसोटी सांगते.

हे कौतुकापुरतं सांगत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. हंगाम संपत आला होता, पावसाळी वारे जवळ आले होते. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किनाऱ्यावर जलक्रीडा बंद ठेवतात त्यामागे हेच कारण आहे: नैर्ऋत्येचा वारा लागला की समुद्राचा भरवसा नाही. त्या काळात कुणी गुपचूप नेतो म्हणाला तर जाऊ नका.

लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून भागत नाही. सगळे बंद लावल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे; पाण्यात तुम्ही खाली आणि जॅकेट वर अशी गत होईल. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. ज्यांना पाण्याची भीती आहे त्यांनी ते आधीच सांगावं, नको म्हणावं. त्यात कमीपणा काहीच नाही. पॅरासेलिंगला वारा जोरात असेल तर थांबावं.

आणि ज्यांना फक्त लाटांत खेळायचं असतं त्यांच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. आपल्या मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर बुडणाऱ्यांच्या बातम्याही आपण वर्षानुवर्षं वाचतो. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जातं. लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, सपाट दिसतो. लोक तिथेच उतरतात, आणि तोच ओढून नेणारा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. चांगला पोहणाराही तिथे दमतो. पाठीवर तरंगा, हात हलवून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. जीवरक्षक ‘पाण्यात उतरू नका’ म्हणाला तर उतरू नका. माझ्या तलावावरची आठ लॅपवाली मुलं हे सांगताना सर्वात जास्त लक्ष देऊन ऐकतात, कारण आपल्याला पोहता येतं म्हणजे आपल्याला काही होणार नाही, असं त्यांना तोवर वाटत असतं.

डॉल्फिन, कांदळवन आणि घराजवळचं पाणी

साहस म्हणजे दरवेळी पाण्याखाली जाणंच असं नाही. देवबाग-निवतीच्या बाजूला सकाळी होडीतून डॉल्फिन दिसतात. आपल्या किनाऱ्यालगत वावरणारे हे पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन, हेही कायद्याने पूर्ण संरक्षित. चार होड्या चारी बाजूंनी कळपामागे लागल्या, की ते बुडी मारून निघून जातात आणि पिल्लं असतील तर त्यांची दमछाक होते. तांडेलाला म्हणा, “इंजिन बंद करा, थांबू.” लांबूनच, पण जास्त वेळ दिसतात.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. वल्ह्याची होडी, आवाज नाही. कोणतं झाड मुळांनी श्वास घेतं, कोणत्या पानावर मिठाचे कण साचतात, खेकडे कुठे बिळं करतात, हे त्या स्वतः दाखवतात. पाण्याला घाबरणाऱ्या आजी-आजोबांना मी तिथेच पाठवते. ज्या खाडीवर त्या लहानपणापासून वावरल्या, तिची ओळख पाहुण्याला करून देतात आणि त्यातून घर चालतं.

आणि आपल्या घराजवळचं पाणी? मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की वनविभागाच्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत रोहित पक्षी बघायला होडी जाते, तीही भरतीची वेळ बघूनच. हे रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. जुहूला ओहोटीच्या वेळी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाबरोबर चाललात, तर रोजच्या किनाऱ्यावर समुद्रफुलं, शंख, खेकडे दिसतात. मालवणला नेण्यापूर्वी मुलांना एकदा इथे न्या. पाण्यातल्या जिवाला हात न लावता बघायचं असतं, हे ती इथेच शिकतात.

परतीचं तिकीट

इतकं सगळं सांगून झाल्यावर मी पालकांना एकच गोष्ट मागते: एक मोकळा दिवस. आपण शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी किल्ला, रविवारी सकाळी स्कूबा आणि रात्रीची गाडी. मग रविवारी वारा सुटला तर काय? तांडेल ‘नको’ म्हणतो तेव्हा आपण त्याला सुट्टी, पैसे, मुलांची उतरलेली तोंडं दाखवतो. त्याने नाही ऐकलं तर शेजारी ऐकणारा असतोच. अपघाताची तयारी बऱ्याचदा अशीच, आरक्षणाच्या खिडकीवर सुरू होते. विमानाने परतणार असाल तर हा मोकळा दिवस शरीरासाठीही लागतो. एका बुडीनंतर किमान बारा तास आणि एकाहून जास्त घेतल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा पाणबुड्यांचा सर्वमान्य नियम आहे.

म्हणून चार दिवस काढता येत नसतील तर या वेळी फक्त किल्ला आणि खाडी बघा, स्कूबा पुढच्या वर्षी करा. होडी ठरवताना किंमत विचारण्याआधी विचारा, की मागच्या खेपेला तुम्ही कधी रद्द केलं होतं आणि का. नीट उत्तर देईल त्याला दोन पैसे जास्त द्या. त्याने रद्द केलं तर घासाघीस न करता दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या आणि मुंबईला आल्यावर त्याचाच नंबर चार जणांना द्या. ‘नको’ म्हणणाऱ्याचा धंदा चालायला लागला, तर शेजारचा होडीवालाही ‘नको’ म्हणायला शिकेल. एवढं गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात नक्की आहे.